डावा कान उघडला! (अंदमानातलं हॅवलॉक, डायव्ह 41 ते 44)

मंडळी, काल डिक्सन्स पिनॅकल या पाण्याखालच्या सुळक्यावर दोराने 24 मीटरपर्यंत उतरले आणि कानासाठी एकदाही वर यावं लागलं नाही. गेल्या वर्षी याच दोरावर 5 मीटरवरून परत फिरले होते, ते तुम्हाला आठवत असेलच.

सोमवारी मात्र रडू यायचं बाकी होतं. लाइटहाऊस ही सोपी जागा, ओपन वॉटर या पहिल्या कोर्सची मुलंही तिथेच शिकतात. 4 मीटरवर उजवा कान मोकळा झाला आणि डाव्यात सुई घुसावी तसं दुखलं. मीटरभर वर, पुन्हा खाली, पुन्हा तेच. नाक दाबून जितकं जोरात फुंकावं तितका कान घट्ट मिटतो. बाहेरचा दाब फार वाढला की कंठकर्ण नलिकेचं, म्हणजे घशाकडून कानात हवा नेणाऱ्या नळीचं, तोंड चिकटतं, मग फुंकून काही होत नाही, वरच यावं लागतं. आणि पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. कानाची खरी परीक्षा वरच्या थरात असते, खोलात नाही. शेवटी डायव्ह सोडली.

वाईट याचं वाटलं की फ्रेंझेलचा, म्हणजे न फुंकता जिभेने हवा ढकलून कान उघडायच्या पद्धतीचा, सराव मी सहा महिने केला होता. ठाणे ते दादर, रोज लोकलमध्ये, नाक चिमटीत, ओठ मिटलेले, जिभेचा मागचा भाग 'क्' म्हणताना उचलतो तसा वर. दोन्ही कान टिक् टिक् वाजायचे. मग पाण्यातच काय होतं?

रात्री खोलीवर सहज स्नॉर्केल तोंडात धरून तेच केलं. डावा कान बंद! तिथे उलगडा झाला. तोंडाने श्वास घेताना टाळूच्या मागचा मऊ पडदा वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो. जिभेने कितीही ढकला, हवा तिकडे पोचतच नाही. लोकलमध्ये मी नाकाने श्वास घेत होते, म्हणून जमत होतं. वाङ्मयातला 'ङ' लांबवून म्हणून बघा, पडदा खाली येताना जाणवतो. 'ङ', लगेच चिमटी, मग 'क्'. टिक्!

मंगळवारी मुद्दाम नीमो रीफला गेले, लागोपाठ दोन डायव्ह. 2 नंबरच्या बीचवरून चालत पाण्यात शिरायचं, उतार मंद, त्यामुळे अर्धा-अर्धा मीटर करत जाता येतं. पाण्यात 'ङ'ऐवजी मास्कमध्ये नाकाने जराशी हवा सोडायची. पडदा खाली येतो, मास्कही चेहऱ्यावर आवळत नाही. दुखायची वाट न बघता, दर अर्ध्या मीटरला. 3 मीटरवर डाव्या कानात ओल्या रबरासारखा बारीक 'चीं' आवाज आला आणि कान मोकळा झाला. पाण्याखाली एकटीच हसत होते.

काल डिक्सन्सला पाय खाली, मान किंचित वर, उजव्या हाताने दोर, डावा हात नाकावर. 18च्या आसपास सुळक्याचा माथा आला, जांभळे मऊ प्रवाळ प्रवाहात एका बाजूला झुकलेले. इतकी वर्षं मी हे फक्त दुसऱ्यांच्या फोटोत बघत होते.

मास्कबद्दल एक सांगते. जुन्या मास्कचा नाकाचा भाग इतका कडक होता की बोटांत नाकपुड्या मिळायच्याच नाहीत. भाड्याचा मास्क घेताना काच नंतर बघा, आधी नाक दाबून बघा. आणि सर्दीत नाकाचे थेंब टाकून उतरू नका. खाली असताना असर उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, ते दुखणं जास्त वाईट.

उद्या जॉनीज गॉर्ज ठरलं होतं, 30 मीटरच्या आसपास, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केलेल्यांच्या मर्यादेपर्यंत. पण हे लिहितानाच लक्षात आलं की काल हातात दोर होता. दोराशिवाय, तरंगण्यावर ताबा ठेवून एका हाताने हे जमतं का, ते बघायलाच हवं. त्यासाठी द वॉल बरी. कडा वरून सुरू होतो, अडलं तर मीटरभर वर सरकायला जागा आहे. तेव्हा उद्या वॉल, आणि शनिवारी सकाळी जॉनीज. रविवारी दुपारचं विमान आहे आणि शेवटच्या डायव्हनंतर उडण्याआधी किमान 18 तासांचं अंतर हवं. मी जरा जास्तच ठेवतेय, म्हणून शनिवारची दुसरी डायव्ह रद्द. आत्ताच डायव्ह मास्टरदादांना कळवते.

डोकं खाली करून उतरताना हा पडदा कुणाला सांभाळता आला असेल तर लिहा. माझा अजून वर पळतो.