शिळेवरचा एक शब्द

दांडिया बाजारातला आमचा वाडा पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा तुळया, कड्या, कोनाडे सगळं गेलं. इथे कोण राहत होतं, एवढं तरी दिसावं म्हणून दर्शनी भिंतीवर शिळा बसवायचं मी मनावर घेतलं. मजकूरही लिहिला: ‘बडोद्याचे आद्य रहिवासी मराठी कुटुंबे’. सोसायटीच्या सभेत ठराव लगेच मंजूर झाला. सभा संपल्यावर तळमजल्यावरचे काका जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “बेन, गायकवाडांच्या आधी इथे गाव नव्हतं?”

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून वाचायला बसले.

शके 734चा, म्हणजे इ. स. 812चा ताम्रपट आहे. राष्ट्रकूट कर्कराजाने अंकोट्टक चौऱ्याऐंशीतलं, म्हणजे चौऱ्याऐंशी गावांच्या समूहातलं, वडपद्रक हे गाव भानुभट्ट नावाच्या ब्राह्मणाला दान दिलं. वडपद्रक म्हणजे आपलं बडोदं. पश्चिमेची सीमा अंकोट्टक, म्हणजे विश्वामित्री नदीपलीकडचं अकोटा. तिथल्या जैन धातुमूर्ती कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये मी शाळेत असताना पाहिल्या होत्या, पण त्यांचा माझ्या गल्लीशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं. आणि भानुभट्ट स्वतः सौराष्ट्रातल्या वलभीचा! म्हणजे तोही बाहेरूनच आलेला. बडोदं गायकवाडांच्या हाती कायमचं आलं ते 1734 साली. मधे नऊशे वर्षं गेली होती. ‘आद्य’ हा शब्द मी कुठल्या तोंडाने कोरून घेणार होते?

परवानगीचं सांगण्यासारखं फार नाही. एका कचेरीत अर्ज दोनदा गहाळ झाला, तिसऱ्यांदा मी पोच घेतली, मग काम झालं. खरा वेळ मजकुराने खाल्ला. कारागीर अक्षरावर पैसे घेतो, त्यामुळे प्रत्येक विशेषण पारखून घ्यावं लागलं. काही नातेवाईक रागावले. आपल्याच शिळेवर आपल्या आधीच्यांची नावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी हटले नाही. आधी वडपद्रक आणि 812, मग 1734, आणि शेवटी आमच्या वाड्यातल्या कुटुंबांची आडनावं, असा क्रम ठरला. वर गुजराती, खाली मराठी. गुजराती मजकूर काकांनी तीनदा तपासला.

चैत्रात शिळा बसली. सकाळी दूध आणायला उतरले की भानुभट्टाचं नाव मी मोठ्याने वाचते.