रिकामी दिसते, पण जागा नाही

२०२३चा खरीप. एक रुपयात पीकविमा पहिल्यांदाच, मुदत ३१ जुलै. आदल्या दिवशी सकाळीच दारव्ह्याकडच्या एका गावातून सीएससी, म्हणजे सरकारी अर्ज ऑनलाइन भरून देणारं केंद्र, चालवणाऱ्या पोराचा फोन. "दादा, सातबारा चढवला की ब्राउझर बंदच पडून राह्यला."

गेलो तर ओट्यावर माणसंच माणसं. आधी रॅम काढली, सोनेरी दात खोडरबरनं घासले, पुन्हा बसवली. फरक नाही. टास्क मॅनेजर उघडला. ४ जीबीपैकी एक जीबी मोकळी, आणि विंडोज म्हणतंय मेमरी कमी आहे! मागं उभ्या एका बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "भाऊ, जागा तं रिकामी दिसून राह्यली. मंग हे नाही काहून म्हन्ते?"

नेमका प्रश्न. उत्तर 'कमिटेड'च्या, म्हणजे प्रोग्रॅमना कबूल केलेल्या मेमरीच्या आकड्यात होतं: ३.९ जीबीपैकी ३.८. प्रोग्रॅमला मेमरी मिळते ती आधी नुसता दिलेला शब्द म्हणून. ब्राउझर भरपूर मागून ठेवतो, वापरतो कमी. पण दिलेला प्रत्येक शब्द पाळता येईल एवढी जागा रॅम आणि पेजफाइल (रॅममध्ये न मावणारं ठेवायला डिस्कवर राखलेली जागा) मिळून असावीच लागते. इथं पेजफाइलच बंद! आधीच्या मेकॅनिकनं 'मशीन फास्ट होते' म्हणून घालवलेली. आमच्या धंद्यातला हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. ज्या मशीनला पेजफाइलची सगळ्यात जास्त गरज, तिथंच हे लोक ती काढतात.

बाबांना बाजार समितीचा शेड सांगितला. एकानं पन्नास पोत्यांची जागा धरली, आणली वीस. उरलेली मोकळी दिसते, पण दुसऱ्याला देता येत नाही. तो कधीही पोती घेऊन येईल. मागं गोदाम असतं तर नव्या माणसालाही हो म्हणता आलं असतं.

"मंग गोदाम उघड ना!"

जुने स्कॅन पेनड्राइव्हवर हलवून सी ड्राइव्ह मोकळा केला, पेजफाइल चालू केली, मशीन रीस्टार्ट. पहिलाच अर्ज गेला. पण गोदाम लांब असतं. रॅमला १०० नॅनोसेकंद लागतात, तिथं फिरत्या हार्डडिस्कला १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. टॅब जास्त झाले की मेमरीची पानं, म्हणजे ४ केबीचे तुकडे, रॅम आणि डिस्कमध्ये आत-बाहेर होत राहतात. डिस्कचा लाल दिवा विझतच नाही. म्हणून पोराला दोनच टॅबवर बसवलं. रात्री अकरापर्यंत रांग सरकत होती.

मुदत नंतर ३ ऑगस्टपर्यंत वाढली. मी जाण्याआधीचे दोन दिवस 'मशीन बंद आहे' ऐकून जे घरी गेले, ते परत आले का, हे त्या पोराला विचारायचं मी अजून टाळतोय.