विममध्ये तीन शब्द तीन रंगात बघायचे होते

आमचं काम म्हणजे एसएसएचने (दूरच्या मशीनवर टर्मिनलमधून लॉगिन करून) सर्व्हरवर जायचं आणि लॉग, म्हणजे प्रोग्रामने लिहिलेल्या नोंदी, वाचत बसायचं, तिथे नोटपॅड प्लस प्लस वगैरे चैन नाही, फक्त विम हा टर्मिनलमधला एडिटर. मला ऑर्डर नंबर, थ्रेडचं (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाचं) नाव आणि टाइमआउट हे तिन्ही वेगवेगळ्या रंगात हवे होते, म्हणजे आधी कोण अडकलं ते नुसतं स्क्रोल करून कळलं असतं. पण स्लॅश मारून दुसरा शब्द शोधला की पहिल्याचा रंग गायब, एचएलसर्च (शोधलेलं रंगवणारी सेटिंग) फक्त शेवटचा पॅटर्नच रंगवतं. मग मधे बॅकस्लॅश पाइप (म्हणजे ‘किंवा’) टाकून तिन्ही एकत्र शोधले, सापडले, पण सगळे एकजात पिवळे! काय उपयोग.

हेल्पमध्ये मॅच कमांड सापडली. कोलन, मॅच, मग हायलाइट ग्रुपचं, म्हणजे ठरलेल्या रंगाचं नाव (एरर, टूडू कुठलंही चालतं) आणि पुढे दोन स्लॅशच्या मधे पॅटर्न. अजून रंग हवे तर टूमॅच आणि थ्रीमॅच, बस, पुढे नाही. त्यातही थ्रीमॅच कंसाची जोडी दाखवणारं मॅचपॅरेन प्लगिन वापरतं आणि ते आधीपासून चालूच असतं, म्हणजे हातात राहिले दोनच.

शेवटी मॅचअ‍ॅड या फंक्शनने काम झालं. आधी ग्रुप, मग पॅटर्न, आणि कितीही वेळा कॉल करा. प्रायॉरिटी दिली नाही तर 10 धरतं आणि सर्चची असते 0, त्यामुळे नंतर स्लॅशने काहीही शोधलं तरी आपले रंग वरच राहतात. टाइमआउट काही ओळींत कॅपिटलमध्ये होता तो मात्र रंगेना, कारण इग्नोरकेस (कॅपिटल-स्मॉल सारखंच धरणारी सेटिंग) इथे चालतच नाही, पॅटर्नमध्येच बॅकस्लॅश आणि स्मॉल सी घालावा लागतो. आणि हे सगळं विंडोपुरतं असतं बरं का, स्प्लिट करून नवी विंडो उघडली की तिथे कोरं, पण त्याच विंडोत कालची लॉग फाइल उघडली तर रंग तसेच लागतात, मला तर हे फारच आवडलं.

आता विमआरसीत (विमच्या सेटिंगच्या फाइलीत) लीडर, म्हणजे शॉर्टकटआधी दाबायची की, आणि 1, 2, 3 असे मॅप केलेत, कर्सरखालचा शब्द त्या त्या रंगात जातो, आणि लीडर 0 वर सगळे रंग पुसणारं क्लिअरमॅचेस. फक्त त्याने मॅचपॅरेनचाही रंग उडतो, कर्सर हलवला की परत येतो.