भायखळा ते मोतमाउली, सगळ्यात मागे चालणाऱ्या आंटींसोबत

वांद्र्याच्या माउंट मेरीला, म्हणजे मोतमाउलीला, चालत जाण्याला आमच्या घरात वारीच म्हणतात. आजी वसईची, ती "मोतमाउलीच्या वारीला जायचंय" असंच म्हणायची आणि मग आम्हीही तेच म्हणायला लागलो. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस, त्याच्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना, आणि मग रविवारपासून आठवडाभर वांद्र्याची जत्रा. जत्रेच्या पहिल्या रविवारी पहाटे आमचा ग्रुप भायखळ्याहून चालत निघतो. वेगवेगळ्या पॅरिशमधले, म्हणजे वेगवेगळ्या चर्चचे लोक आहेत, जमायची जागा ग्लोरिया चर्चसमोर, कारण स्टेशन जवळ आहे आणि फुटपाथवर उभं राहायला जागा मिळते.

एका वर्षी निघायच्या आधीच माझ्या डोक्यात एक विषय घोळत होता. ऑगस्टमध्ये आमच्यातल्या बऱ्याच जणांनी एक रिट्रीट, म्हणजे प्रार्थना आणि प्रवचनांचं शिबिर, केली होती, विषय होता पवित्र आत्म्याची दानं, म्हणजे त्याच्याकडून माणसाला मिळणाऱ्या देणग्या, आणि सेवा. तिथे एक फॉर्म भरायला दिला होता, खूप सारे प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच मार्क स्वतःच द्यायचे आणि शेवटी बेरीज केली की तुमचं दान कुठलं ते कळणार. शिकवणं, नेतृत्व, बरं करणं, भविष्यवाणी वगैरे. ज्यांना नेतृत्व आलं ते खूश. आमच्या कन्फर्मेशन, म्हणजे दृढीकरण संस्काराच्या, क्लासमधला एक मुलगा आहे, अकरावीतला, त्याचं सगळीकडे कमी आलं आणि त्यातल्या त्यात 'साहाय्य' जरा वर आलं, तर तो म्हणाला, "म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याला हे देतात ना?" कोणी त्याला नीट उत्तर दिलं नाही, लंच ब्रेक झाला. मला ते फार लागलं होतं.

तर तोच मुलगा वारीला आला होता आणि त्याच्या पाठीवर भजनांचा स्पीकर होता. आम्ही मराठीतूनच भजनं म्हणतो, टाळ असतात, एक अंकल ढोलकी आणतात. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईतच बाप्तिस्मा घेतला होता आणि ते म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, त्यामुळे टाळ वाजवत देवाच्या आईकडे चालत जाणं मला कधीच परकं वाटलेलं नाही. राणीची बाग मागे पडली, चिंचपोकळी आली आणि लालबागला पोचलो तर तिथे दिवसासारखा उजेड, कारण गणपती आणि आमची जत्रा एकाच आठवड्यात आली होती. दर्शनाच्या रांगेत लोक बसल्या बसल्या झोपलेले, आणि एका मंडळाच्या पोरांनी आमच्या हातातल्या रोझरी बघून विचारलं, "माउंट मेरी का?" आणि पाण्याचे ग्लास पुढे केले. आम्ही भजन थांबवलं, पाणी प्यायलो, थँक्यू म्हटलं आणि पुढे निघालो.

परळच्या पुढे ग्रुप लांबायला लागतो. तरुण पोरं पुढे जातात, गुडघेदुखीवाले मागे राहतात, आणि सगळ्यात मागे आमच्या त्या आंटी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. साठीच्या पुढच्या आहेत, घरकाम आणि स्वयंपाकाची कामं करून मुलं वाढवली. दरवर्षी त्या शेवटी चालतात आणि मला बरीच वर्षं वाटायचं की वयामुळे मागे पडत असतील. त्या वर्षी माझ्या टाचेला फोड आला म्हणून मीही मागे राहिले आणि मग त्या काय करतात ते जवळून बघायला मिळालं.

त्यांच्याकडे एक कापडी पिशवी होती. त्यात मीठ-साखरेची पाकिटं, सेफ्टी पिना, कापसाची गुंडाळी, चिकटपट्टी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले रबरी चपलांचे दोन जोड, एक लहान मापाचा आणि एक मोठा, कारण कोणाची ना कोणाची चप्पल तुटतेच. माझा फोड बघून त्या म्हणाल्या, "फोडायचा नाही हां, आत पाणी राहू दे," आणि वर कापूस ठेवून पट्टी अशी लावली की टाच घासणार नाही. पण पिशवीपेक्षा मला दुसरीच गोष्ट दिसली. हिंदमाताजवळ एका काकांचा श्वास लागला होता आणि ते थांबायला तयार नव्हते, बायको मागून ओरडत होती तरी नाही. आंटी त्यांच्या बाजूला गेल्या आणि म्हणाल्या, "काका, जरा बसूया का, मला बसायचंय." काका लगेच बसले. पाच मिनिटं दुकानाच्या पायरीवर दोघं बसले, तांदळाच्या भावावर बोलले आणि उठले. दादरपर्यंत हेच वाक्य मी त्यांच्या तोंडून परत परत ऐकलं, वेगवेगळ्या माणसांना. कोणालाही "तुम्ही दमलात" असं त्या म्हणत नव्हत्या, दर वेळी "मला बसायचंय".

तो मुलगाही एव्हाना मागे आला होता, स्पीकरची बॅटरी गेली म्हणून. टिळक ब्रिज ओलांडताना त्याने मला सरळ विचारलं की कन्फर्मेशनमध्ये आपल्याला सात दानं मिळतात असं शिकवलं आणि रिट्रीटमध्ये भलतीच यादी होती, मग खरी कुठली?

दोन्ही खऱ्या आहेत. सात दानांचं मूळ बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकात अकराव्या अध्यायात आहे, ज्ञान, समज, सुमंत्रणा, धैर्य, विद्या, भक्ती आणि देवाचं भय, आणि ती दृढीकरणात प्रत्येकाला मिळतात, आपण आतून ख्रिस्तासारखं व्हावं म्हणून. संत पौल करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिल्या पत्रात जी लिहितो ती कृपादानं वेगळी, ती एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं अशी वाटलेली असतात, आणि बाराव्या अध्यायाच्या सातव्या ओवीतच तो सांगतो की ती सगळ्यांच्या हितासाठी दिलेली आहेत. म्हणजे ज्याच्याकडे दान आहे त्याच्या कौतुकासाठी नाही. आणि यादीचं म्हणशील तर पौलाने फायनल यादी कुठेच दिली नाहीये. त्याच अध्यायात आठव्या ओवीपासून एक यादी आहे, अठ्ठाविसाव्यात दुसरी, रोमकरांच्या पत्रात बाराव्या अध्यायात तिसरी, ज्यात दया करणं आणि उदारपणे देणंही येतं, आणि या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. मार्क देऊन बेरीज करायला त्या लिहिलेल्याच नाहीत. साहाय्य करणं अठ्ठाविसाव्या ओवीत आहे, बरं करण्याच्या दानानंतर लगेच, उरलंसुरलं म्हणून शेवटी टाकलेलं नाही. शेवटी आहेत त्या भाषा, म्हणजे प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी भाषांत बोलणं, ज्यांचा करिंथकरांना सगळ्यात जास्त तोरा होता.

हे सगळं मी एका दमात बोलले आणि तो म्हणाला, "पण भाषा बोलता आल्या तर भारीच ना?" बरोबर आहे, भारीच. पौल स्वतः म्हणतो की मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त भाषांमध्ये बोलतो. पण लगेच म्हणतो की मंडळीत दहा हजार न समजणाऱ्या शब्दांपेक्षा समजतील असे पाच शब्द मला पुरेत. करिंथ हे आपल्या मुंबईसारखंच बंदराचं शहर होतं, दोन बाजूंना दोन बंदरं, व्यापारी, मजूर, गुलामगिरीतून सुटलेले लोक, सगळी सरमिसळ. आणि तिथल्या मंडळीत काय चाललं होतं ते अकराव्या अध्यायात वाचा, प्रभूच्या भोजनाला जे आधी पोचायचे ते खाऊनपिऊन मोकळे व्हायचे आणि बाकीचे उपाशी राहायचे. त्यावर पौलाने सांगितलेला उपाय इतका साधा आहे की आपण तो वाचून पुढे जातो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. बस एवढंच. आणि त्याच्यानंतर लगेच तो दानांकडे वळतो. माझ्या मनात हे दोन अध्याय त्या पहाटेपर्यंत कधी जोडले गेले नव्हते. ज्याला मागच्याची वाट बघता येत नाही त्याच्याकडे कितीही मोठं दान असलं तरी पौलाच्या हिशोबात ते अजून कामाला लागलेलं नाही, असं मला वाटतं, आणि याच विषयावर बोलता बोलता तो मध्येच थांबून तेरावा अध्याय लिहितो, प्रीती नसेल तर मी नुसता वाजणारा टाळ आहे म्हणून.

दादर पश्चिमेला उतरलं की पुढे एल. जे. रोड, लेडी जमशेटजी रोड. तो संपतो तिथे माहीमचं सेंट मायकल चर्च, जिथे १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते, आणि त्याच्या पुढे कॉजवे, खाडी ओलांडणारा रस्ता. १८४५ च्या आधी इथून वांद्र्याला जायचं तर होडीच होती आणि पावसाळ्यात होड्या बुडायच्या. कंपनी सरकारने पैसे द्यायला नकार दिला तेव्हा लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले म्हणून हा रस्ता झाला. पारशी बाई. त्यांच्या पैशाने बांधलेल्या रस्त्यावरून आम्ही दरवर्षी मोतमाउलीला जातो, आणि पौल म्हणतो ते उदारपणे देणं मला विचाराल तर ते हेच. पवित्र आत्मा फक्त आमच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातल्या माणसांच्याच हातून काम करतो असं मी तरी म्हणणार नाही.

कॉजवेवर पाऊस आला. भुरभुर नाही, चांगलाच. खाडीचा वास, बाजूने टेम्पो पाणी उडवत जाणार, आणि तिथेच आंटींच्या पायात गोळा आला. कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." मी हात पुढे केला तर नको, पिशवी द्या म्हटलं तर नको. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचंच केलंय, स्वतःसाठी कोणाला थांबवायची सवयच नाही. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र असाच अडून बसतो, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, आणि येशू त्याला सांगतो की नाही धुतले तर तुझा माझ्यात वाटा नाही. सेवा करणाऱ्याला सेवा करून घेणं किती जड जातं ते मला त्या कठड्यापाशी दिसलं. आणि पौलाचं ते वाक्य, डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही, ते आपण नेहमी गर्विष्ठ लोकांसाठी वापरतो, पण ते अशा हातांनाही लागू आहे जे सगळ्यांना देतात आणि कोणाकडून काही घेत नाहीत.

तो मुलगा काही बोलला नाही. स्पीकर खाली ठेवला, त्याच्यावरचं प्लास्टिक काढून फुटपाथवर अंथरलं आणि म्हणाला, "आंटी, मला बसायचंय जरा." आंटींनी त्याच्याकडे बघितलं, हसल्या आणि बसल्या. त्याने त्यांचा पाय सरळ करून धरला, फुटबॉल खेळतो ना, त्याला माहीत होतं बोटं कशी मागे ओढायची ते. वांद्र्यापर्यंत त्या त्याचा खांदा धरून आल्या आणि पिशवी माझ्याकडे होती.

हिल रोडला उजाडलं होतं. वर चढताना दोन्ही बाजूंना स्टॉल, झेंडूचे हार, चणे-शेंगदाणे, आणि मेणाच्या वस्तू, ज्या बघायला मी दर वर्षी थांबते. मेणाचे पाय, हात, डोळे, बाळ, घर. ज्याचं जे दुखतं ते तो मोतमाउलीपुढे ठेवतो. जुन्या करिंथमध्ये ग्रीकांचा आरोग्यदेव अस्क्लेपिओसचं देऊळ होतं आणि तिथल्या खोदकामात भाजलेल्या मातीचे असेच हात, पाय, कान, डोळे ढिगाने सापडलेत, पौलाच्याही काही शतकं आधीचे. पौलाने ते बघितले होते की नाही ते कोणी सांगू शकत नाही. पण सुटा पाय, सुटा कान अर्पण करायची ज्या शहराला पिढ्यान्‌पिढ्या सवय होती, त्या शहराला तो लिहितो की तुम्ही मिळून ख्रिस्ताचं शरीर आहात, आणि पाय जर म्हणाला की मी हात नाही म्हणून मी शरीराचा नाही, तर म्हणून काही तो शरीराचा राहत नाही असं नाही. त्या मुलाने मेणाचा पाय घेतला, आंटींच्या नावाने. आंटींनी हात घेतला. कोणासाठी ते मी विचारलं नाही.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाल्यावर खाली येऊन चहा-वडापाव खाताना मी हे सगळं आमच्या रिट्रीटच्या टीमसमोर मांडलं आणि चांगलाच वाद झाला. माझं म्हणणं होतं की दान ज्याचं त्याला विचारून कळत नाही, ज्यांना त्याचा उपयोग झाला त्यांना विचारा. आंटींनी स्वतःच्या फॉर्मवर सगळीकडे शून्य किंवा एक लिहिलं होतं, त्यांच्याच मुलीने मला सांगितलं. शेवटी पुढच्या रिट्रीटला मार्कांचा फॉर्म काढला आणि कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या, अडचणीत असताना तुमच्यासाठी कोण थांबलं आणि त्यांनी नेमकं काय केलं, एवढंच लिहायचं. आंटींच्या नावाच्या भरपूर चिठ्ठ्या आल्या, हे अपेक्षितच होतं. त्या मुलाच्याही आल्या, त्यातली एक क्लासमधल्या अशा मुलीची होती जिच्याशी बाकी कोणी फारसं बोलत नाही. ढोलकीवाल्या अंकलच्या चिठ्ठीत ढोलकीचं नावही नव्हतं, ते हॉस्पिटलचे कागद भरून देतात ते लिहिलं होतं.

पण टीममधल्या एका सिस्टरनी एक मुद्दा काढलाय आणि तो मला पटतो. ज्यांच्या नावाची एकही चिठ्ठी येत नाही त्यांचं काय? दान नाही असं तर होऊच शकत नाही, पेत्राच्या पहिल्या पत्रात स्पष्ट आहे की ज्याला जसं मिळालंय तसं प्रत्येकाने एकमेकांच्या सेवेला लावा, प्रत्येकाने. मग कोणाला तरी त्यांच्या घरी जावं लागेल, बसावं लागेल, आणि पहिल्याच भेटीत कळेल असंही नाही. आत्ता आम्ही जोड्या करतोय कोणी कोणाकडे जायचं त्याच्या, आणि आंटींनी स्वतःहून सगळ्यात लांबचा, चौथ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधला पत्ता घेतलाय, त्या मुलाला सोबत घेऊन.