कडकनाथची तिसरी पिढी, गावरानच्या कळपातच

यंदाचा पैदाशीचा वाडा, म्हणजे कडकनाथसाठीचं जाळीचं कुंपण, मोकळा केला. तिन्ही कप्प्यांतल्या कडकनाथ (काळ्या कातडीच्या, काळ्या हाडांच्या जातीच्या) कोंबड्या पुन्हा गावरानबरोबर बांधाबांधाने चरायला लागल्यात आणि त्यांची अंडी आता सरळ कढईत जातात. पुढच्या डिसेंबरपर्यंत कोण कुणाला धरतं याच्याशी मला काही देणंघेणं नाही.

जातिवंत कोंबडी ठेवायची तर शेड वेगळं हवं, बाकीचा कळप विकून टाका, असं ज्याला-त्याला सांगितलं जातं. आमच्याकडे ते होणार नव्हतं. गावरान कळप सासूबाईंचा. त्यात दोन-चार गिरिराज (मोठ्या अंगाची सुधारित जात) आहेत, एक लालभडक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) आहे आणि बाकी ज्याची आजी कोण हे कुणालाच ठाऊक नाही अशी मंडळी. "कोंबडी कोंडली की ती कोंबडी राहत नाही, नुसती अंड्याची डबी होते," असं सासूबाईंचं मत. मलाही ते पटतं. म्हणून आम्ही कळप वर्षभर एकत्र ठेवतो आणि जात फक्त पैदाशीच्या हंगामात सांभाळतो.

कडकनाथ बाराही महिने जाळीआड ठेवायची काही गरज नसते. गरज असते ती अंडं कोणत्या कोंबडीचं आणि कोणत्या कोंबड्याचं हे नक्की माहीत असण्याची. एकदा मिसळली म्हणून कोंबडीचं रक्त कायमचं बिघडत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. बिघडतात ती तेवढ्या काळातली अंडी. कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यांत शुक्राणू साठून राहतात आणि दोन-तीन आठवडे रोजच्या अंड्याला पुरतात. नंतर आलेल्या कोंबड्याचा वाटा सहसा मोठा असतो, पण मोठा म्हणजे सगळा नव्हे. त्यामुळे कोंबड्या जाळीत घेतल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी घरात खायची, नातेवाइकांना द्यायची, उबवायला एकही ठेवायचं नाही. घाई करणाऱ्यांची पिल्लं इथेच फसतात आणि दोष मात्र विकणाऱ्याला मिळतो.

वाडा साधाच आहे. कोंबडीजाळी, वरूनही जाळी (कडकनाथ चांगली उडते, उघड्या वाड्याचा काही उपयोग नाही) आणि खालचे दोन फूट पोत्यांनी झाकलेले. पोती ऊन-वाऱ्यासाठी नाहीत. बाहेरचा गावरान कोंबडा आणि आतला कडकनाथ एकमेकांना दिसले की दिवसभर जाळीला धडका देतात आणि दोघांचेही तुरे रक्ताळतात. दिसले नाहीत तर नुसते आरवत बसतात, ते चालतं.

आत तीन कप्पे, प्रत्येकात तीन माद्या आणि एक नर. कप्पे तीनच का, तर जवळच्या नात्यातली पैदास रोखायला. एका कोंबड्यावर आठ माद्या ठेवल्या तर हिशेबाने कळपाची परिणामकारक संख्या (रक्ताच्या वेगळेपणाच्या दृष्टीने कळप जेवढ्या कोंबड्यांचा धरायचा ती) साडेतीनच्या आसपासच भरते आणि दर पिढीला सुमारे १४ टक्के आंतरप्रजनन वाढतं. तीन नर आणि नऊ माद्या ठेवल्या की ती संख्या नऊ होते आणि वाढ साडेपाच टक्क्यांवर येते. दाण्याचा खर्च दोन जादा नरांचा आणि एका जादा मादीचा, फायदा एवढा. कप्प्यांना लाल, निळी आणि पांढरी अशी घराणी आहेत, पायात त्या-त्या रंगाची कडी. मुली आईच्याच घराण्यात राहतात. लाल घराण्याचे मुलगे निळ्यात जातात, निळ्याचे पांढऱ्यात, पांढऱ्याचे लालमध्ये. वही हरवली तरी कड्याकडे बघून कुणाला कुठे टाकायचं ते कळतं.

आता खरा वादाचा मुद्दा. पिल्लू काळं निघालं म्हणजे ते शुद्ध कडकनाथ, हे सपशेल चूक आहे.

त्वचेचा, हाडांचा, जिभेचा काळेपणा देणारं जनुक प्रभावी आहे, त्यामुळे एक प्रत असली तरी काळेपणा येतो. त्याच्या जोडीला दुसरं एक जनुक आहे, ते रंग दाबतं आणि लिंगगुणसूत्रावर बसलेलं असतं. पिवळ्या पायांच्या गावरानकडे ते असतं, कडकनाथकडे नसतं. बेटसन आणि पनेट या इंग्रज जनुकशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये सिल्की कोंबड्यांवर (काळ्या कातडीची, रेशमासारख्या पिसांची, पाच बोटांची जात) हा खेळ उलगडला होता. कडकनाथलाही तोच हिशेब लागू पडतो. कडकनाथ नर आणि पिवळ्या पायांची गावरान मादी असा संकर केला, तर मुली आईकडून ते दाबणारं जनुक घेतच नाहीत. त्या चांगल्या काळ्याभोर निघतात. मुलगे मात्र मळकट, अर्धवट रंगाचे. उलटा संकर केला, म्हणजे कडकनाथ मादी आणि पिवळ्या पायांचा नर, तर मुलगे-मुली सगळेच फिके. (गावरानमध्ये काळसर पायांच्याही कोंबड्या असतात. त्यांच्याशी संकर झाला तर दोन्हीकडून काळंच निघतं. म्हणून नुसत्या रंगावरून पैज लावू नका.)

आणखी पुढे जाऊ. ती काळीभोर अर्धी मुलगी परत शुद्ध कडकनाथ नराला दिली, तर सगळी पिल्लं काळी. एकही उघडं पडत नाही. बाजारात "शंभर टक्के" म्हणून विकलं जातं त्यात असं किती असेल याचा विचार करा. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्याकडे भाव चढले होते. २०१९ मध्ये सांगली भागातली कडकनाथच्या करारशेतीची योजना बुडाली आणि भाव पडले. भाव पडल्यावर कोंबड्या उघड्या सोडल्या तर त्या जवळच्या गावरान कळपातच मिसळणार. त्यामुळे आमच्या बाजूला काळ्या पायांची कोंबडी दिसली की मी आनंदून जात नाही.

नराची परीक्षा घेता येते, आणि ती घ्यायला हाच मिश्र कळप उपयोगी पडतो. संशयित नर वाड्याबाहेर, गोऱ्या कातडीच्या गावरान माद्यांवर लावायचा. त्याच्याकडे काळेपणाच्या दोन्ही प्रती असतील तर प्रत्येक पिल्लात थोडा तरी काळेपणा उतरतो, मुलग्यांत कमी आणि मुलींत जास्त. एकच प्रत असेल तर निम्मी पिल्लं साफ गोरी निघतात. सात पिल्लं पाहिली आणि सातही काळपट असली, तर नर अर्धा असूनही निसटल्याची शक्यता १२८ मध्ये एक. गोरं पिल्लू एक जरी दिसलं तरी त्या नराचा रस्सा. अर्थात परीक्षेत पास झाला म्हणजे काळेपणाच्या दोन प्रती आहेत एवढंच. बाकी अंगकाठी, तुरा, वजन वेगळं बघावं लागतंच. नर दोन किलोच्या आत, मादी सव्वा ते दीड किलो, हे कडकनाथचं माप. त्यापेक्षा फारच भरलेली दिसली तर मला गिरिराजचा वास येतो. पायाला पाच बोटं दिसली तर सिल्की कुठेतरी डोकावून गेलीय. लालभडक तुरा असलेले मी ठेवत नाही. जांभळट-काळाच हवा.

उबवणीला मशिन आहे, पण भरवसा खुडूक (अंड्यांवर बसायला आलेल्या) गावरान कोंबडीवर. कडकनाथ मादी स्वतः नीट बसत नाही, अर्ध्यावर उठून जाते. शिवाय आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि मशिनला ३७.५ अंश सेल्सिअस सलग लागतं. गावरानच्या पोटाखाली कडकनाथची डझनभर अंडी आरामात बसतात, कारण ती लहान असतात. (रंग फिकट तपकिरी. काळं अंडं मागणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी चहा देते.) अंडी आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून ठेवलेली. एकाच रात्री तीन खुडूक बसवायच्या. सातव्या रात्री बॅटरीवर अंडी बघायची, पोकळ ती काढायची आणि उरलेली दोघींखाली जमवायची. तिसरीला ताजी अंडी मिळतात. सासूबाई हे कोणत्याही बॅटरीशिवाय, नुसतं अंडं कानाशी हलवून करायच्या. त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो, पण गर्भ हलू नये म्हणून मी त्यांना हात लावू देत नाही, त्यावरून आमचं थोडं बिनसतं.

एक सांभाळा. एका कोंबडीखाली एकाच रंगाची पिल्लं निघू द्या. पिवळी पिल्लं घेऊन दोन दिवस फिरलेल्या आईला नंतर काळी पिल्लं दिली तर ती टोचून मारू शकते. मशिनमधली पिल्लं द्यायचीच असली तर पहिल्याच रात्री, अंधारात, पंखाखाली सरकवायची.

पिल्लं गावरान आईमागे वाढली की घारीची हाक त्यांना लगेच कळते. मशिनच्या पिल्लांना ती कळत नाही. मुंगसावर मात्र आईचाही इलाज नाही, संध्याकाळी डालग्याखाली घ्यावंच लागतं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस सातव्या दिवशी, गंबोरो रोगाची चौदाव्या दिवशी, आठव्या आठवड्यात पुन्हा मानमोडीची. लसीची बाटली शंभर पिल्लांची असते, म्हणून शेजारच्या दोन वस्त्यांची पिल्लं आम्ही त्याच सकाळी बोलावतो. उरलेली लस टाकून देण्यापेक्षा ते बरं, आणि शेजारचा कळप आजारी पडला नाही तर आपलाही वाचतो.

यंदाच्या तलंगा (अजून अंडी न दिलेल्या तरुण माद्या) सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतील. लाल आणि पांढऱ्या घराण्यात मुलगे भरपूर आहेत, निळ्यात एकच आहे आणि त्याचा तुरा मला आवडत नाही. बाहेरून नर आणायचाय. पेन्सिलसारखी पांढरी रेघ मानेवर असलेल्या प्रकारातला कुणाकडे जादा असेल तर बदल्यात लाल घराण्याचा एक देईन. आल्यावर तो महिनाभर गोठ्याच्या पलीकडे एकटा राहील, मग गावरान माद्यांवर परीक्षा, आणि पास झाला तरच डिसेंबरात वाड्यात.