"लक्ष देऊ नकोस" असे मी त्याला सांगितले होते

नांदेडमधील आमच्या शाळेत गेल्या वर्षी जून महिन्यात सहावीच्या वर्गात एक नेपाळी मुलगा आला. त्याचे वडील जवळच्याच एका कॉलनीत रात्रपाळीचे पहारेकरी आहेत आणि आई दोन घरी स्वयंपाकाला जाते. बालवाडीपासून परभणीत वाढल्यामुळे मुलाची मराठी अस्सल आपल्याकडची आहे, "काय करायलास?" हे तो ज्या हेलात विचारतो, तो हेल पुस्तकातून येत नाही. तरीही आठवडाभरात वर्गाने त्याचे नाव 'चिनी' ठेवले आणि त्याला साधी शिंक आली तरी मागच्या बाकांवरून 'कोरोना' अशी हाक येऊ लागली.

मधल्या सुट्टीत तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला, तेव्हा मी म्हणाले, "लक्ष देऊ नकोस, आपोआप थांबतील." या वाक्याची मला आजही लाज वाटते, कारण चिडवणाऱ्या तीस मुलांना वळण लावण्याचे माझे काम मी अकरा वर्षांच्या एका पोराच्या सहनशक्तीवर ढकलले होते. त्यानंतर तो टोपी घालून येऊ लागला. ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात, भुवया झाकल्या जातील इतकी खाली ओढलेली ती निळी टोपी तो परिपाठालाही काढत नसे. चित्रकलेच्या तासाला 'माझे कुटुंब' काढताना त्याने चौघांचेही डोळे इतक्या वेळा खोडले होते, की तिथे कागद विरून भोके पडली होती. ती वही हातात घेतल्यावर मला प्रकरण कळले.

माझ्या मावसबहिणीचे कुटुंब कॅलिफोर्नियात असते. 16 मार्च 2021 रोजी अटलांटा परिसरात तीन स्पांमध्ये झालेल्या गोळीबारात आठ जण मारले गेले आणि त्यांपैकी सहा आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या, तेव्हा तिची मुलगी तिथे शाळेत शिकत होती. रोगाच्या नावात देशाचे किंवा गावाचे नाव नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच सांगून ठेवले होते. तरीही कोरोनाला 'चिनी विषाणू' म्हणणारे नेते तिकडे होते आणि त्याची झळ चिनी, कोरियन, फिलिपिनो अशा सगळ्यांनाच बसत होती. भाचीच्या शाळेने त्या आठवड्यात मुलांना एकत्र बसवून घडलेल्या गोष्टीला वंशद्वेष हेच नाव दिले, चिनी मजुरांना देशाची दारे बंद करणारा 1882 चा कायदा वर्गात शिकवला आणि आशियाई मुलांच्या घरी शिक्षकांनी स्वतःहून फोन केले. या शेवटच्या गोष्टीने मी अंतर्मुख झाले, कारण मी त्या नेपाळी घरी एकदाही फोन केला नव्हता.

हा अमेरिकेचा प्रश्न आहे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. जानेवारी 2014 मध्ये अरुणाचल प्रदेशचा निडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीच्या लाजपत नगरात केसांवरून झालेल्या चेष्टेनंतर मारहाणीत गेला. मार्च 2020 मध्ये ईशान्य भारतातील लोकांना कोरोनावरून त्रास देणाऱ्यांवर कारवाई करा, असे केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना लिहावे लागले.

मुख्याध्यापकांशी बोलून मी हा विषय नोव्हेंबरच्या पालकसभेत मांडला. "पोरं आहेत, गंमत करतात," असे दोघे-तिघे म्हणाले. तेव्हा एक शीख पालक उभे राहिले. त्यांनी बलबीर सिंग सोढी यांची हकिकत सांगितली: 15 सप्टेंबर 2001 रोजी अमेरिकेतील मेसा येथे, स्वतःच्याच पेट्रोल पंपासमोर, केवळ पगडी आणि दाढी पाहून एका माणसाने त्यांना गोळ्या घातल्या. "हुजूर साहिबच्या या गावात माझ्या पगडीकडे कोणी वळून बघत नाही, कारण तुम्ही ती जन्मापासून बघितली आहे. त्या पोराचा चेहराही बघायची सवय करा," असे ते म्हणाले, आणि सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग मी विचारले, की कॉलनीच्या पहारेकऱ्याचे नाव कोणाला माहीत आहे? सगळे त्यांना 'बहादूर' म्हणतात. दर महिन्याला पैसे घ्यायला ते दारात येतात, तेव्हा घरातून "बहादूर आला" एवढेच ओरडले जाते. त्यांचे नाव एकालाही सांगता आले नाही. मीही त्याच कॉलनीत राहते. चेहऱ्यावरून माणसाला नाव द्यायचे, हे मुले आमच्याच उंबऱ्यात शिकली होती.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी सर्व मुलांसमोर, त्या मुलाचे नाव न घेता, माझी चूक कबूल केली. चेहऱ्यावरून हाक ऐकू आली तर तिथल्या तिथे थांबवायचे आणि वर्गशिक्षकांना सांगायचे, ही जबाबदारी ऐकणाऱ्याची, असे ठरले. ज्याला हाक मारली, त्याने तक्रार करण्याची वाट पाहायची नाही. पहिले दोन महिने कुरबुरी झाल्या. एका पालकांनी तर, "एवढं काय त्यात?" म्हणून माझ्याशी बोलणे सोडले, ते अजून सुरू झालेले नाही. मात्र मागच्या बाकांवरच्याच दोन मुली त्याच्या बाजूने सर्वात आधी बोलू लागल्या आणि कबड्डीच्या संघात त्याला घ्यायला वर्ग भांडू लागला.

टोपी काही दिवस असते, काही दिवस नसते. त्याबद्दल त्याला कोणी विचारायचे नाही, असे मी शिक्षकांना सांगून ठेवले आहे. येत्या जूनमध्ये त्याची धाकटी बहीण पहिलीत येईल. तिच्या वर्गशिक्षिकेशी माझे बोलणे झाले आहे आणि पहिल्या आठवड्यात काही झाले तर थेट मला फोन करा, असे सांगून मी तिच्या आईला माझा नंबर दिला आहे.