दोन मिनिटांचा थांबा

सकाळी सात वाजता मंडपवाले फलाटावर पहारीने खड्डे पाडू लागले, तेव्हा मला कळलं की आज आपल्याकडे कार्यक्रम आहे. एक्स्प्रेसला थांबा मिळाल्याचं पत्र दोन दिवस आधी आलं होतं. मंडपाचं त्यात काही नव्हतं. स्टेशनचं नाव लिहीत नाही. मी तिथला स्टेशन मास्तर, अजून नोकरीत आहे.

एकेरी मार्गावरचं तीन लाइनींचं स्टेशन. मेन लाइनला फलाट नाही, त्यामुळे गाडी थांबवायची म्हणजे लूपवर, फलाटालगतच्या बाजूच्या लाइनवर, घ्यायची. लोक म्हणतात, दोनच मिनिटं तर मागतोय. पण शंभरने थ्रू जाणारी गाडी आधी ताशी 30 किलोमीटरवर आणावी लागते, कारण आमच्या लूपच्या पॉइंटवर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, त्याहून जास्त वेग चालत नाही. निघतानाही तेच. 22 डब्यांची गाडी साधारण साडेपाचशे मीटर भरते. शेवटचा डबा पॉइंट ओलांडेपर्यंत ड्रायव्हरला वेग वाढवता येत नाही, त्यातच मिनिट जातं. सगळं धरून दोन मिनिटांच्या थांब्यापायी सात-आठ मिनिटं उडतात, आणि पुढच्या स्टेशनावर क्रॉसिंगसाठी, म्हणजे समोरून येणारी ही गाडी निघून जायची वाट बघत, उभी असलेली मालगाडीही तेवढीच खोळंबते. वेळापत्रकात मात्र या थांब्यासाठी एक मिनिटही वाढवलेलं नव्हतं.

हे मला पाठ आहे, कारण आठ वर्षं गावकऱ्यांच्या अर्जांवरचे अहवाल मीच लिहिले. ‘परिचालनदृष्ट्या व्यवहार्य नाही.’ दरवेळी तेच वाक्य, तारीख तेवढी बदलायची. मग निवडणूक जवळ आली, खासदारांचं पत्र दिल्लीला गेलं आणि तीन आठवड्यांत तेच पॉइंट, तोच फलाट व्यवहार्य ठरला. सहा महिने, प्रायोगिक तत्त्वावर.

राजकारण्यांनी रेल्वेची वाट लावली, असं आमची मंडळी चहा पिता पिता सरसकट म्हणतात. 2012 साली भाडेवाढ सुचवणाऱ्या रेल्वेमंत्र्याला त्याच्याच पक्षाने घरी बसवलं, हे खरंच आहे. पण सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती मधु दंडवते 1977 ते 1979 रेल्वेमंत्री होते म्हणून. आणि 1989 च्या सरकारात दंडवते अर्थखात्यात, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेखात्यात नसते, तर कोकण रेल्वेची फाइल किती वर्षं फिरली असती कोण जाणे. माझ्या सहीच्या अहवालांनी तर आजवर एकाही गावाला गाडी मिळाली नाही.

गाडी चार मिनिटं उशिरा लूपवर आली. खासदार अजून बायपासवर. पुढच्या स्टेशनच्या मास्तरने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, दिलेली; स्टार्टर, म्हणजे गाडी निघायचा सिग्नल, द्यायचा तेवढा बाकी. कंट्रोलला, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या वरच्या ऑफिसला, विचारलं, सोडू का?

“थांबा मास्तर, साहेब इथंच उभे आहेत.”

वॉकी-टॉकीवर लोको पायलट विचारत होता, “मास्तर, स्टार्टर?” त्याला काय सांगणार!

मग ताफा आला. इंजिनाला हार, रुळावर नारळ. एक पोरगा झेंडा घेऊन इंजिनाच्या शिडीने वर चढायला लागला. झेंड्याला लोखंडी पाइप. वर 25,000 व्होल्टची तार. तिच्या दोन मीटरच्या आत काही न्यायचं नाही, हे आम्ही झोपेतही सांगू. फलाटावर आमचे तीन अधिकारी उभे होते. धावला तो एकटा पॉइंट्समन. त्याने पोराला पाय धरून खाली ओढलं आणि वर कार्यकर्त्यांच्या शिव्या खाल्ल्या. अधिकाऱ्यांपैकी एकानेही त्याला नंतर विचारलं नाही.

खासदारांनी हिरवा झेंडा दाखवला. गाडी ढिम्म. स्टार्टर लाल, आणि इंजिनापुढे तीस-चाळीस जण सेल्फी काढतायत. झेंड्याने कशी हलेल? फोटोसाठी त्यांनी तो तीनदा हलवला. रूळ मोकळा झाल्यावर मी स्टार्टर दिला. दोन मिनिटांची 19 झाली होती.

कंट्रोलने विचारलं, कारण काय टाकू?

“कार्यक्रम.”

“तसं कारण नसतं मास्तर. चेन पुलिंग टाकतो.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. रजिस्टरमध्ये वेळा खऱ्या लिहिल्या, शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. तेव्हा त्या कोऱ्या रकान्याचा मला अभिमान वाटला होता. आठवड्याने कळलं, चेन कुणी ओढली याचा जाब आरपीएफच्या हवालदाराला विचारला गेला. तो बिचारा त्या दिवशी ताफ्याच्या बंदोबस्तात होता.

परवा सहा महिन्यांच्या आढाव्याचं पत्र आलं. थांब्याची तिकीटविक्री कळवा. बुकिंग क्लार्क म्हणाला, महिनाअखेरीस कार्यकर्ते येतात, लांबच्या स्टेशनांची वीस-पंचवीस तिकिटं एकदम घेऊन जातात. गाडीत त्यांतलं कुणी चढत नाही. रोज खरोखर चढतात ती दहा-बारा माणसं. त्यांतला एक आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. पूर्वी पहाटे चारला जीपने निघायचा. काल फलाटावर त्याने विचारलं, “मास्तर, थांबा राहील नव्हं?”

“बघू,” म्हणालो.

विक्रीचा आकडा खोटा नाही. तिकिटं विकली गेलीत, पैसे जमा आहेत. चढलेल्यांचा रकाना तक्त्यात नाहीच. शेऱ्याचा आहे. उद्या दुपारच्या गाडीने तक्ता पाठवायचा आहे.